टाकीची शिट्टी

शहापूरच्या दुकानदारानं रामूला बजावलं होतं, घरच्या गॅरेजला पन्नास लिटरची हवेची टाकी रग्गड झाली. पण मुरबाडकडं दिवसाचे आठ तास लाईट नसायची. म्हणून रामूनं हट्टानं दोनशे लिटरची जुनी टाकी उचलली आणि पडवीत, पाळण्यामागच्या भिंतीला लावून ठेवली. एकदा भरली की लाईट नसली तरी चाकांत हवा मारता यायची.

टाकी गच्च झाली, की जादा हवा सोडणारी तिची शिट्टी कर्कश वाजायची आणि पाळण्यातली भाविका दचकून रडत उठायची.

"आधी त्या शिट्टीचं कायतरी करा," त्याची बायको भागीरथी वैतागून म्हणाली. "पोरीचा डोळा लागू देत नाय."

रामूनं शिट्टी तारेनं करकचून बांधली. "आता नाय वाजायची. टाकी भरली की मीच हातानं मोटर बंद करीन."

त्या दिवसापासून पोर दुपारभर गाढ झोपू लागली.

महिन्याभरानं, टाकी भरता भरता लाईट गेली. "आता चारशिवाय येत नाय," असं म्हणत रामू बटण बंद न करताच म्हसा गावाला ट्यूब आणायला निघाला. पोर झोपलेली बघून भागीरथी विहिरीवर गेली. त्या दिवशी लाईट दोनलाच आली आणि मोटर आपसूक सुरू झाली.

टाकी फुटल्याच्या आवाजानं सगळं गाव धावत आलं.

 

भाविका तेवढी उठली नाही.