एक अक्षर कमी

रायपूरच्या सदर बाजारातल्या जुन्या पाट्यांचे फोटो काढून मंजिरीने दिगंबर पेंटरच्या हाताचा फॉन्ट कॉम्प्युटरवर जवळजवळ पूर्ण केला. एकच अक्षर कुठल्याच पाटीवर सापडेना. शेवटी ती तात्यापारा मोहल्ल्यात त्यांच्या घरी गेली.

"काका, तुमचा ळ पाहिजे."

"तो कुठून मिळन?" काका हसले. "चाळीस वर्षं रायपुरात हिंदी पाट्या रंगवल्या, बेटा. हिंदीत ळ लागतच नाही. मी तो कधी काढलाच नाही."

तिने ब्रश पुढे केला. काकांनी दोनदा काढून पाहिला, पण आता हात थरथरत होता.

काकांच्या शेजारी बसलेल्या वनमालाकाकू उठून आत गेल्या आणि स्वयंपाकघरातले चार डबे आणून त्यांनी मंजिरीसमोर मांडले. डाळ, गूळ, तीळ, तांदूळ. लाल ऑइलपेंटमधले चार ऐटबाज ळ.

"लग्न होऊन अकोल्याहून आली तं इथं आसपास कोणी मराठी बोले ना. मी रडून राहिली होती. मंग यायनं एका दुपारी हे रंगवून देल्ले."

"ते काम थोडीच होतं," काका ओशाळून म्हणाले.

मंजिरी फोटो काढायला वाकली. डब्यांचा पत्रा घासून घासून पांढरा पडला होता, अक्षरं मात्र कालच रंगवल्यासारखी होती.

"काकू, रंग एवढा कसा टिकला?"

"डबा घासते तं अक्षरं सोडून घासते."