तिसऱ्या रविवारचं ग्रीस

“स्टिअरिंग अजून थरथरतंय,” चक्कर मारून आलेल्या बाबांनी जाहीर केलं आणि लेकीचं डोकंच फिरलं. सलग तिसऱ्या रविवारी ती पोतं अंथरून गाडीखाली शिरली होती, सांध्यासांध्यात ग्रीस भरता भरता केसांपर्यंत बरबटली होती.

“थांबा, आता मीच चालवून बघते!” तणतणत तिनं गाडी मुद्दाम खड्ड्यांतून घातली. थरथर औषधालाही नव्हती. उगाच राबवतात मला, म्हणत ती भांडायच्या तयारीनंच परतली.

“थरथरतंय ना?” बाबांनी हात पुढे केला.

तिनं किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या तळहातावर आपटला. तिथं तो खुळखुळतच राहिला.

तिनं जुडगा हळूच परत उचलला. “थरथरतंय खरं, बाबा. एक सांधा राहिलाय माझ्याकडून. तोवर तुम्ही चालवू नका,” म्हणाली आणि मुकाट्यानं पुन्हा गाडीखाली शिरली.