दयेचा काटा

"मुलीचं ऑपरेशन निघालं हो साहेब, म्हणून कर्जाचा एक हप्ता चुकला. पुढचे सगळे वेळेवर भरलेत. तेवढा खात्यावरचा थकबाकीचा शेरा पुसा," सुलभाताई काकुळतीला आल्या.

शेरा पुसायचा तो टेबलावरच्या यंत्रानेच, पण कंपनीच्या माणसाला खरोखर दया आली तरच. ती मोजणारा पट्टा तळपदेंच्या मनगटावर होता. रोज अशाच कहाण्या ऐकून ते कोडगे झाले होते. यंत्रावरचा काटा जागचा हलला नाही.

"माफ करा ताई. वाईट वाटायला हवं, पण वाटत नाहीये."

सुलभाताई उठल्या. दारात थबकल्या. "दिवसभर 'नाही' म्हणून म्हणून जीव दमत असेल ना हो तुमचा?"

तळपदेंचे डोळे भरून आले. काटा सर्रकन चढला. सुलभाताई आशेने मागे फिरल्या.

यंत्र म्हणालं, "दया स्वतःबद्दलची आहे. अर्ज नामंजूर."