कुंडातले सातवे डोके

गरम कुंडात सहा ओली डोकी होती. बोग्नाचे सातवे. कुंड आठ जणांचे होते, म्हणजे एक जागा अजून रिकामी होती. पाणी एकोणचाळीस अंशांवर होते, बाहेरची हवा उणे चार.

बोग्ना खांद्यापर्यंत पाण्यात बसली आणि तिने दोन्ही कोपरे पोटाशी घेतली. डाव्या कोपरावर तीन चट्टे होते, उजव्यावर दोन, आणि मानेवर केसांना लागून एक, तळहाताएवढा. पोलंडमध्ये लुब्लिनला होती तेव्हा ते उन्हाळ्यात जायचे. आइसलँडच्या या उत्तर किनाऱ्यावर आल्यापासून मात्र वाढतच होते. इथे नोव्हेंबरपासून ऊन नाही, घरात हीटरची कोरडी हवा, अंगावर दिवसभर लोकर. बालवाडीत ती बाह्या कधीच वर करत नसे. मुलांचे हात धुताना भिजायच्या, अंगावरच वाळायच्या. आज मानेवरचा चट्टा झाकायला तिने केस मोकळे सोडले होते.

समोर स्टेन्वोर बसली होती, बालवाडीची मुख्याध्यापिका. तिनेच बोलावले होते. "गुरुवारी कुंडात ये. तुला कायम करायचं का, ते तिथेच बोलू." गावातली सगळी बोलणी तिथेच होत. बोग्ना हिवाळाभर कुंड टाळत आली होती. या वेळी टाळता येईना.

"आली एकदाची!" ओड्डूर म्हणाला. तो बंदरावर होड्या दुरुस्त करायचा. "आम्हाला वाटलं, पोलंडच्या लोकांना पाणी चालतच नाही."

सगळे हसले. बोग्नाही हसली. वाऱ्याने तिचे केस उडाले, तिने ते घाईघाईने मानेवर दाबून धरले. ओड्डूरचे हसणे मध्येच थांबले. त्याने तिच्याकडे पाहिले, मग शेजारच्या माणसाकडे. दोघेही उठले आणि शेजारच्या पोहण्याच्या मोठ्या तलावाकडे गेले. त्यांच्यामागून कोपऱ्यातल्या दोघी बहिणी गेल्या. बोग्नाच्या बाजूला म्हातारी हालबेरा बसली होती, हातभर अंतरावर. ती कडेकडेने सरकत पार स्टेन्वोरपाशी जाऊन बसली. आता मध्ये अख्खे कुंड होते.

लुब्लिनला एकदा एका आईने आपल्या मुलीचा हात बोग्नाच्या हातातून ओढून घेतला होता.

"हे लागत नाही कुणाला," बोग्ना म्हणाली. "खरंच नाही लागत. मुलांनाही नाही. हवं तर डॉक्टरांना विचारा."

"काय लागत नाही?" स्टेन्वोरने विचारले.

"माझे चट्टे." तिने डावे कोपर पाण्याबाहेर काढले.

हालबेराने डोळे बारीक केले. "माझा चष्मा आत राहिलाय, बाई. कोपरबिपर काही दिसत नाही मला. पण तुझे केस उडाले ते दिसलं. कोरडे आहेत ते."

बोग्नाने कोपर पुन्हा पाण्यात घेतले.

"आंघोळ न करता आलीस तू," स्टेन्वोर म्हणाली. तिने हे विचारले नाही, सांगितले.

बोग्ना पोहण्याचा पोशाख घरूनच कपड्यांच्या आत घालून आली होती. न्हाणीघरात सगळ्या बायका उघड्या उभ्या होत्या. अंगाला कुठे कुठे साबण लावायचा, त्याचे चित्र भिंतीवर होते. ते तिला नीट कळले होते. लक्ष ठेवणारी बाई टॉवेल आणायला वळली, तेवढ्यात बोग्ना भिंतीच्या कडेने बाहेर सटकली होती.

"या पाण्यात जंतू मारायचं औषध नावापुरतं असतं," हालबेरा म्हणाली. "जो येतो तो कपडे काढून, साबण लावून येतो. म्हणून तर आम्ही एकमेकांच्या पाण्यात बसतो. तू कातडीचं काय घेऊन बसलीस!"

"आणि सोमवारी तू मुलांना हात धुवायला शिकवणार," स्टेन्वोर म्हणाली.

बोग्नाचे कान तापले. "मला सगळ्यांसमोर कपडे काढायची लाज वाटली."

"आणि आता?" हालबेराने विचारले.

बोग्ना उठली. दारापर्यंतच्या बर्फात तिचे पाय भाजल्यासारखे झाले. मोठ्या तलावातून चौघे बघत होते. तिने मान वर केली नाही.

न्हाणीघरात तिने पोशाख उतरवून खुंटीला टांगला. पलीकडच्या फवाऱ्याखाली उना होती, बालवाडीतल्या तिच्याच गटातली पाच वर्षांची मुलगी, आणि उनाची आई. बोग्नाने भिंतीकडे तोंड केले आणि केस पुढे घेऊन भिजवले. त्यामुळे मान उघडी पडली.

"ते काय आहे?" उनाने विचारले.

"चट्टे."

"दुखतात?"

"खाजतात."

"उना, साबण दे बोग्नाला," आई म्हणाली. "तिच्याकडे नाहीये."

बोग्नाने चित्रात होते तिथे सगळीकडे साबण लावला. मग पुन्हा एकदा लावला. बाहेर येताना तिने ओले केस डोक्यावर गच्च बांधले.

कुंडात सहाही जण परत आले होते.

"बरं झालं वेळ लावलास," ओड्डूर म्हणाला. "तोवर पाणी बदलून झालं."

कोणी हसले नाही. मग हालबेरा हसली.

"सरक गं," स्टेन्वोर तिला म्हणाली आणि बोग्नाकडे वळली. "बस इथे. आता नोकरीचं बोलू."

बोग्ना बसली. तिच्या आणि स्टेन्वोरच्या खांद्यांत चार बोटांचे अंतर होते.