फडकं

खोली मिळाली की तिच्यात पहिलं पाऊल आक्काचं, असं सुदामने ठरवलं होतं. पण इमारतीच्या फाटकावरच्या यंत्राने आक्काला हुंगलं आणि फाटक उघडलंच नाही.

"नशेवाल्यांना आत सोडत नाही," रखवालदार म्हणाला.

"अहो, माझी थोरली बहीण आहे ही. जन्मात कधी तंबाखूला शिवली नव्हती. माझीच तलफ घेतलीय तिने."

रखवालदाराला त्याचं नवल नव्हतं. तलफ मारून टाकता येत नाही, फक्त रक्ताच्या माणसाच्या डोक्यात उतरवता येते, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दवाखान्यात आक्का आपणहून पुढे झाली होती. "माझं मन घट्ट आहे, मी दाबून ठेवीन," असं हसत म्हणाली होती.

तेव्हापासून ती पुलाखाली, सुदामच्याच जुन्या जागेवर राहू लागली. पूर्वी ती त्याला तिथे फडक्यात बांधून भाकरी आणायची. तो भाकरी कुत्र्यांना टाकायचा आणि फडक्यावर पंक्चरचं सोल्युशन ओतून हुंगत बसायचा.

म्हणून फाटकावरून परतल्यावर त्या संध्याकाळी सुदामने तिच्यासाठी भाकरी कागदात गुंडाळून नेली. आक्काने ती बाजूला सारली आणि त्याच्या नव्या सदऱ्याची बाही चाचपली.

"एवढी फाडून दे की रे."

सुदामला तिचा पदर आठवला. त्यानेही असाच मागितला होता, आणि तिने रडत रडत फाडून दिला होता.

त्याने बाही उसवायला घेतली.