एका सेटचे कप

वाशीमचा आरक्षणविरोधी मोर्चा करून आल्यापासून ग्यानबाला चांगलाच चेव आला होता. ओसरीवर बसलेल्या चारचौघांत तो गरजला, "आता जातपात राह्यली कुठी? मंग आरक्षण कायले पायजे? तूच सांग, राजपाल!"

बौद्धपुऱ्यातले राजपाल मास्तर नुसते हसले.

तेवढ्यात ग्यानबाची नवी सून पिंकी सगळ्यांसाठी एकाच सेटच्या कपांत चहा घेऊन आली. भाषण सोडून ग्यानबा मास्तरांच्या हातातल्या कपाकडे पाहू लागला. मास्तरांना कागदी गिलासात द्यायचा असतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मंडळी उठताच ग्यानबा आत धावला. "राजपालचा कप कोनता?"

"आता कसा वळखू, मामाजी?" कप विसळत पिंकी म्हणाली. "सारे सारखेच हायेत."

त्या दिवसापासून घरातले बाकी सगळे त्याच कपांत चहा पितात. कागदी गिलास लागतो तो एकट्या ग्यानबाला.