सत्यशीलाची चूल

उकंडाच्या नातीचं लग्न झालं, त्याच साली महागावकडच्या त्याच्या गावात बिनधुराच्या शेगड्या आल्या. मुंबईच्या एका कंपनीनं, कुणाची सक्ती नसताना, आपल्या कारखान्याच्या धुराच्या बदल्यात गावोगावच्या चुलींचा धूर कमी करायचा शब्द दिला होता. अट एकच. शेगडी घेतली, की जुनी चूल मोडायची.

सगळ्यांनी मोडल्या. उकंडाची राहिली.

"बाबाजी, तुमच्या एका घरासाठी सगळं गाव बिनधुराचं व्हायचं अडलंय," कंपनीची ममता ओसरीवर टेकत म्हणाली.

"कारखाना तुमचा धूर सोडते, अन् चूल माही मोडता काय वं?" उकंडा हसला. हसता हसता खोकला लागला, तो थांबेना.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"धूर सोड म्हनते. नाही त पुढचा हिवाळा दिसत नाही."

"मग मोडा की."

"जिनं चूल घातली तिनंच मोडावं, अशी आमच्या घरची रीत हाये. ही सत्यशीलानं घातली."

"मग आजींना सांगा."

"माह्यं कधी आयकलं तिनं? तूच सांगून पाह्य."

ममता आत गेली. चुलीपुढे हिरव्या लुगड्यातली म्हातारी बसली होती. धुरानं ममताचे डोळे चुरचुरले. म्हातारी साधं खोकलीसुद्धा नाही.

"आजी, तुम्हाला सवय आहे. बाबाजींना हा धूर मारतोय."

म्हातारी विस्तवाकडे पाहत राहिली. "चुलीपाशी बसला का त्याले करमते. म्हनून ठेवली होती."

"माणूसच राहिला नाही तर?"

तिनं निखारे हातानंच बाजूला सारले आणि चुलीची तापलेली भिंत ओढून पाडली. जन्मभर विस्तवापुढे बसलेले हात, ममताच्या मनात आलं, त्यांना काय भाजणार.

"त्याले म्हना, नव्या शेगडीवर च्या मांड."

ममता बाहेर आली. "मोडली बाबाजी. आजींनी स्वतः. नव्या शेगडीवर चहा मांडा म्हणाल्या."

उकंडा भिंत धरून उठला, आत गेला. ममतानं मागोमाग दारातून डोकावलं. म्हातारी मागच्या दारानं गेली असावी. उकंडा मोडलेल्या चुलीच्या ढेकळांवरून हात फिरवत होता. लिपताना उमटलेली बोटं त्यांवर तशीच होती.

मग त्यानं नवी शेगडी ओढली, काड्या मोडून घातल्या आणि तीन कप मांडले.

सत्यशीला त्याच साली चैत्रात, नातीच्या लग्नाच्या महिनाभर आधी, याच चुलीपुढे खोकून खोकून वारली होती.